बायबलमधला एक शब्द नीट कसा अभ्यासायचा, आणि सोबत पाळकांची चरित्रं कशी वाचायची

बायबलमधल्या शब्दाचा अर्थ शोधणं हल्ली फार सोपं झालंय. मोबाईलवर ॲप उघडायचं, शब्दावर बोट ठेवायचं, लगेच मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द येतो, त्याचा नंबर येतो आणि खाली पाच-सहा अर्थ येतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात, त्यातला मनाला भावलेला अर्थ उचलतात आणि रविवारच्या संदेशात सांगून टाकतात. आता तो अर्थ दरवेळी चुकीचाच असतो असं नाही, पण तो त्या वचनातला आहे की नाही हे कोणी तपासलेलंच नसतं. पाळकांच्या चरित्रांचंही तसंच होतं, एखादी हृदयस्पर्शी घटना तेवढी लक्षात राहते आणि त्या माणसाची पुढची-मागची तीस-चाळीस वर्षं कोणी बघत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की ह्या दोन गोष्टी एकत्र अभ्यासायला हव्यात. एखादा शब्द वचनात काय म्हणतो ते बायबलमधून कळतं आणि तोच शब्द एका जिवंत माणसाच्या हाती लागला की काय काय घडतं ते चरित्रातून कळतं. फक्त क्रम पाळायचा, आधी शब्द आणि मग माणूस, कारण उलटं केलं की आपल्या आवडत्या पाळकाचं मत आपण नकळत पौलाच्या, म्हणजे नव्या करारातली पुष्कळ पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताच्या, तोंडी घालतो. खाली सगळं एकाच शब्दावर करून दाखवतो, शब्द आहे "कृपा", आणि माणसं दोन, अठराव्या शतकातले इंग्लिश पाळक जॉन न्यूटन आणि विसाव्या शतकातले जर्मन पाळक डिट्रिश बोनहॉफर.

पायरी १: मूळ शब्द कुठला ते आधी बघा

एक वही घ्या आणि एका वेळी एकच शब्द. मराठी बायबलमध्ये "कृपा" दिसलं म्हणजे मागे दरवेळी एकच मूळ शब्द असेल असं धरून चालू नका. नव्या करारात बहुतेक वेळा तो ग्रीक "खारिस" असतो. जुन्या करारात "हेन" हा हिब्रू शब्द असतो, म्हणजे कोणाच्या तरी नजरेत चांगलं ठरणं, जसं उत्पत्ती ६:८ मध्ये नोहाबद्दल म्हटलंय. त्याच्या शेजारीच "हेसेद" म्हणून दुसरा शब्द आहे, नात्याला धरून राहणारी, न सोडणारी माया. हा मराठीत कुठे "दया" होतो तर कुठे "वात्सल्य". स्तोत्र १३६ काढून बघा, सव्वीस वचनं आणि प्रत्येकात तेच ध्रुवपद, त्याची दया सनातन आहे, ते सगळं हेसेद. म्हणजे मराठीतले शब्द आणि मूळ शब्द एकास एक जुळत नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

ॲपमध्ये जे नंबर दिसतात ते जेम्स स्ट्रॉंग ह्या मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) अभ्यासकाच्या १८९० सालच्या शब्दसूचीतले. खारिसचा नंबर ५४८५, हेनचा २५८०, हेसेदचा २६१७. ही सूची किंग जेम्स बायबल ह्या जुन्या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आहे, त्यामुळे नंबराखाली जी लांबलचक यादी येते तिच्यात मुख्यतः "त्या भाषांतरात हा शब्द कसकसा उतरवला" एवढंच असतं. ती वाचून "ह्या शब्दाचे सात अर्थ आहेत आणि सातही ह्या वचनात आहेत" असं कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. शब्द एका वाक्यात साधारण एकच काम करतो. फुकट मिळणाऱ्या साधनांमध्ये ब्लू लेटर बायबल आणि स्टेप बायबल ही दोन पुष्कळ झाली.

थोडं बाजूचं सांगतो, कारण ह्या माणसाचं नाव लोकांना माहीत असायला हवं. जेम्स होप मोल्टन हे मेथडिस्ट पाळक आणि ग्रीकचे मोठे जाणकार. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या साध्यासुध्या कागदांवर, म्हणजे पत्रं, पावत्या, अर्ज असल्या गोष्टींवर जी ग्रीक भाषा होती तीच नव्या कराराची भाषा आहे, हे धरून त्यांनी जॉर्ज मिलिगन ह्या स्कॉटिश पाळकांबरोबर एक शब्दकोश करायला घेतला. एप्रिल १९१७ मध्ये हिंदुस्थानातून परत जाताना भूमध्य समुद्रात त्यांचं जहाज पाणबुडीने बुडवलं आणि ते गेले, पुढचं काम मिलिगन यांनी तडीस नेलं. शब्दांच्या मागे आयुष्य घालवणारे पाळक असेही होते.

पायरी २: तो शब्द जिथे जिथे येतो तिथे स्वतः जाऊन या

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे आणि खरं काम इथेच होतं, म्हणून इथे घाई करू नका. शब्दकोश अजून उघडायचा नाही. नंबरावरून सगळी वचनं काढायची आणि आधी कुठे हा शब्द नाहीच ते बघायचं. खारिस मत्तयमध्ये एकदाही नाही, मार्कमध्येही नाही, योहानाच्या शुभवर्तमानात फक्त पहिल्या अध्यायात आहे, लूकमध्ये आठ वेळा आहे, आणि मग पौलाच्या पत्रांमध्ये पानोपानी.

आता लूक बघा. १:३० मध्ये मरीयेवर देवाची कृपा झाली आहे. २:५२ मध्ये येशू देवाच्या आणि माणसांच्याही कृपेत वाढतो, इथे पापक्षमेचा काही संबंध नाही, लोकांना तो आवडत होता एवढंच. ६:३२ ते ३४ मध्ये हाच शब्द तीन वेळा येतो पण मराठीत तो कृपा म्हणून दिसतच नाही, कारण येशू विचारतोय की जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत तर त्यात तुमचं विशेष काय. आणि १७:९ मध्ये मालक चाकराचे आभार मानतो का असा प्रश्न आहे, तिथे आभार म्हणजे खारिस.

मग प्रेषितांची कृत्ये अध्याय २४ आणि २५, ही दोन पानं एका बैठकीत वाचा. पौल कैसरियाच्या कैदेत आहे. सुभेदार फेलिक्स त्याला पुन्हा पुन्हा बोलावून घेतो, पैसे मिळतील ह्या आशेने, अशी दोन वर्षं जातात आणि बदली होऊन जाताना यहुद्यांची मर्जी राखायला तो पौलाला तसाच बांधलेला सोडून जातो. ती "मर्जी" म्हणजे खारिस. नवा सुभेदार फेस्त येतो तर पौलाचे विरोधक त्याच्याकडे खारिस मागतात, पौलाला यरुशलेमेला पाठवा, आणि वाटेत त्याला मारायचा कट तयार असतो. फेस्तलाही त्यांच्यावर खारिस करायचीय म्हणून तो पौलाला विचारतो, जातोस का यरुशलेमेला? आणि २५:११ मध्ये पौल ठणकावतो की मला त्यांच्या हाती देण्याचा अधिकार कोणाला नाही, मी कैसराकडे दाद मागतो. इथलं "देणं" हे क्रियापद खारिसच्याच घरातलं आहे, म्हणजे कोणी मला भेट म्हणून त्यांना देऊन टाकू शकत नाही!

हे वाचलं की कळतं, हा शब्द सत्तेच्या दारातला, रोजच्या व्यवहारातला होता. वरचा माणूस खालच्यावर मेहेरबानी करतो आणि बहुतेक वेळा त्यात त्याचा फायदा असतो. आता रोमकरांस पत्र ४:४ उघडा, काम करणाऱ्याची मजुरी ही खारिस म्हणून धरली जात नाही, ती त्याचं देणं असते. आणि मग ५:८ ला या, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. ज्याच्याकडून परत काहीच मिळणार नाही त्याच्यावर केलेली ही मेहेरबानी, फेलिक्सच्या खारिसच्या बरोबर उलट. कृत्ये न वाचता रोमकरांस पत्र वाचलं तर ह्याची धार लागतच नाही.

शेवटी २ करिंथ अध्याय ८ बघा. यरुशलेमेच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा होतेय आणि पौल त्या वर्गणीलाच वारंवार खारिस म्हणतो, मधेच ८:९ मध्ये म्हणतो की आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताची खारिस तुम्हाला माहीत आहे, तो धनवान असून तुमच्यासाठी गरीब झाला. देवाने दिलेलं आणि माणसांनी पुढे दिलेलं, दोन्हीला एकच शब्द. वहीत हे ठळक लिहा, बोनहॉफरपाशी पोचल्यावर लागेल.

पायरी ३: नेहमीच्या तीन खड्ड्यांपासून लांब राहा

पहिला खड्डा, आजचा अर्थ मागे नेणं. "डुनामिस" म्हणजे सामर्थ्य, आणि त्यावरून डायनामाइट शब्द आला म्हणून रोमकरांस १:१६ मधली सुवार्ता म्हणजे देवाचा डायनामाइट, असं कितीतरी वेळा सांगितलं जातं. डायनामाइट हे नाव नोबेलने १८६७ मध्ये दिलं. पौलाच्या मनात स्फोट नव्हता, तारण होतं, त्याच वचनात तसं लिहिलंय.

दुसरा, शब्दाची फोड करून अर्थ काढणं. "एक्लेसिया" म्हणजे मंडळी, फोड केली तर "बाहेर बोलावलेले", म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, झाला संदेश तयार. पण कृत्ये १९ मध्ये इफिसात अर्तमी देवीच्या नावाने जो जमाव गोंधळ घालतो त्यालाही वचन ३२ मध्ये एक्लेसियाच म्हटलंय, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण का जमलोय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. साधा अर्थ सभा. मंडळीला मोठेपण येतं ते ती कोणाची सभा आहे त्यावरून.

तिसरा, प्रेमासाठीच्या "अगापे" ह्या ग्रीक शब्दाबद्दल, "अगापे म्हणजे फक्त देवाचं निःस्वार्थ प्रेम". २ तीमथ्य ४:१० मध्ये देमासाने पौलाला सोडलं कारण त्याला हे जग प्रिय झालं, तिथे ह्याच शब्दाचं क्रियापद आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर २ शमुवेल १३:१५ मध्ये अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही अगापे म्हटलंय. आणि पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये अगापेच्या क्रियापदाने तर ५:२० मध्ये दुसऱ्या क्रियापदाने सांगितलंय. देवाचं प्रेम निःस्वार्थ आहे ह्यात शंकाच नाही, पण ते वधस्तंभावरून कळतं, शब्दकोशातून नाही.

पायरी ४: शब्द नसेल पण गोष्ट असेल तीही शोधा

लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात खारिस हा शब्द कुठेच नाही. बाप लांबूनच बघतो, धावत सुटतो, गळ्यात पडतो, सगळी कृपाच आहे पण नाव नाही. म्हणून फक्त नंबर शोधत बसलात तर असे परिच्छेद हातचे जातात. वहीत एक पान वेगळं ठेवा, "शब्द नाही पण तेच" असं काहीतरी नाव द्या आणि वाचता वाचता भर घाला. त्या पानावर १ इतिहास १७:१६-१७ नक्की लिहा. दावीद देवासमोर बसून म्हणतो की मी कोण, माझं घराणं ते काय, की तू मला इथवर आणलंस. न्यूटन यांचं सगळ्या जगात गायलं जाणारं कृपेवरचं गीत, "अमेझिंग ग्रेस", ह्याच वचनांवर लिहिलं गेलं, १७७३ च्या पहिल्या जानेवारीच्या उपासनेसाठी, ओल्नी गावात. मागे काय झालं आणि पुढे काय होईल, असा त्या दिवसाचा विषय होता.

पायरी ५: आता चरित्र उघडा, आणि तारखांची पट्टी काढा

पहिलं काम तारखांचं. एक उभी रेघ मारा आणि तिच्यावर वर्षं लिहा, गोष्ट नंतर वाचा. न्यूटन यांची पट्टी अशी येते. जन्म १७२५. मार्च १७४८ मध्ये भयंकर वादळात जहाज बुडायची वेळ, देवाचा धावा. पाळक म्हणून दीक्षा १७६४. निधन डिसेंबर १८०७. बहुतेक लोक वादळातून थेट गीतावर येतात. पण मधली वर्षं भरा, १७५० ते १७५४ मध्ये त्यांनी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचे कप्तान म्हणून तीन फेऱ्या केल्या, म्हणजे वादळानंतर, विश्वास धरल्यानंतर! त्या फेऱ्यांतली रोजनिशी शिल्लक आहे, माणसांच्या खरेदीच्या नोंदी त्यांच्याच हातच्या आहेत, आणि त्याच जहाजावर रविवारी ते खलाशांसाठी उपासनाही घेत. १७५४ मध्ये अचानक झटका येऊन ते कोसळले म्हणून समुद्र सुटला, गुलामांचा धंदा चूक वाटला म्हणून नाही. मग लिव्हरपूलला बंदरावर नोकरी करता करता त्यांनी स्वतः ग्रीक आणि हिब्रू शिकून घेतलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, समुद्र सोडून चौतीस वर्षं झाल्यावर. तिच्यात ते स्वच्छ लिहितात की ज्या धंद्याच्या नुसत्या आठवणीने आता थरकाप होतो त्यात आपला हात होता, आणि हा कबुलीजबाब उशिरा येतोय. पार्लमेंटने हा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये केला, तो बघायला ते होते.

ही पट्टी काही लोकांना अस्वस्थ करते, पाळकाबद्दल असं का सांगायचं म्हणून. मला वाटतं सांगायलाच हवं. कृपा एका रात्रीत माणसाला वाचवते, पण त्याचे डोळे उघडायला कधीकधी अर्धं आयुष्य जातं, हे न्यूटन यांच्या आयुष्यात जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसतं. आणि १ करिंथ १५:१०, जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे, हे वचन अशा माणसाच्या शेजारी ठेवून वाचलं की त्याचं वजन कळतं.

पायरी ६: तोच शब्द घेऊन दुसऱ्या पाळकाकडे जा

एकाच चरित्रावर थांबलात की शब्दाला त्या माणसाचा रंग चढतो, म्हणून दुसरा माणूस वेगळ्या काळातला, वेगळ्या परंपरेतला घ्यायचा. न्यूटन अँग्लिकन, तर बोनहॉफर जर्मन लूथरन. जन्म १९०६, दीक्षा १९३१. हिटलरच्या राजवटीत मंडळी सरकारच्या तालावर नाचायला लागली तेव्हा वेगळ्या निघालेल्या मंडळीत ते होते, फिंकेनवाल्ड इथे १९३५ पासून पाळकांना घडवत होते, ती सेमिनरी गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, १९३७ मध्ये बंद केली. त्याच वर्षी त्यांनी एका पुस्तकात "स्वस्त कृपा" हा शब्दप्रयोग छापून आणला, म्हणजे पश्चात्तापाशिवाय क्षमा, येशूच्या मागे न जाता मिळणारा दिलासा.

इथे नीट बघा, बोनहॉफर खारिसचा नवा अर्थ सांगत नाहीयेत. कृपा विकत मिळते असंही म्हणत नाहीत. मार्टिन लूथर ह्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाने जे वाक्य आयुष्य पणाला लावून म्हटलं तेच वाक्य चारशे वर्षांनी लोक हात झटकायला वापरतायत, एवढंच ते सांगतात. आता २ करिंथ ८ ची नोंद काढा, खारिस घेणारा ती पुढे देतो, हात बांधून बसत नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं पौलाच्या वापराला धरूनच आहे, आणि हे आपण पायरी २ आधी केली म्हणून तपासता येतं. १९३९ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोचले होते, काही आठवड्यांत परत फिरले. एप्रिल १९४३ मध्ये अटक, ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी, वय ३९. आणि तुरुंगातून जुलै १९४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की त्या पुस्तकातले धोके मला आता दिसतात, तरी मी त्याच्या पाठीशी उभा आहे. तरुणपणीचं लिखाण वाचलं तर शेवटची पत्रंही वाचा.

पायरी ७: साक्ष कोणाची आणि कधीची ते तपासा

त्या दिवसाची रोजनिशी, नंतरची आठवण आणि दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र, ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रोमकरांस १:१७ मधलं "देवाचं नीतिमत्त्व" उमगल्याची लूथरची प्रसिद्ध हकिकत त्याने १५४५ मध्ये लिहिली, मरणाच्या आदल्या वर्षी, घटना होऊन कित्येक वर्षं झाल्यावर. ती खोटी नाही, पण म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणून वाचावी. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांनी तर फार प्रामाणिक गोष्ट केली. अमेरिकेहून परतल्यावर, १७३८ मध्ये, त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्यांचं परिवर्तन करायला गेलेल्या माझंच परिवर्तन झालेलं नव्हतं, आणि पुढच्या आवृत्तीत त्यालाच तळटीप जोडली की ह्याबद्दल माझी खात्री नाही. अशा तळटिपा सोडू नका.

आणि सुविचार! पाळकांच्या नावावर फिरणारे अर्धेअधिक सुविचार त्यांचे नसतात. उद्या जगाचा अंत असला तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन, हे लूथरचं म्हणून सगळीकडे असतं, पण १९४४ च्या आधी ते कुठेही छापलेलं सापडत नाही. पुस्तक, पत्र किंवा प्रवचनाची तारीख मिळाली नाही तर ते वाक्य संदेशात वापरू नका.

पाळकांसाठीचे शब्दही एकदा बघून घ्या

थोडक्यात सांगतो. "पाळक" म्हणजे ग्रीक "पोइमेन", मेंढपाळ, आणि मंडळीतल्या पुढाऱ्यांसाठी हे नाम नव्या करारात एकदाच आलंय, इफिस ४:११. "वडील" आणि "अध्यक्ष" हे वेगवेगळे हुद्दे वाटतात, पण कृत्ये २०:१७ मध्ये पौल ज्या वडिलांना बोलावतो त्यांनाच २०:२८ मध्ये अध्यक्ष म्हणतो आणि कळप सांभाळा असं सांगतो. प्रॉटेस्टंट पंथांमध्ये बिशप हवा की नको ह्यावर जो इतका वाद झाला तो ह्या दोन वचनांभोवती बराच फिरतो, त्यामुळे कोणत्याही पाळकाचं चरित्र वाचताना त्यांच्या पंथात हुद्दे कसे आहेत तेवढं आधी बघून ठेवा.

पुढचे शब्द

कृपा झाली की "पश्चात्ताप" घ्या. हिब्रूत बहुतेक "शूव", म्हणजे मागे फिरणं, आणि ग्रीकमध्ये "मेटानोइया". सोबत लूथर, कारण १५१७ च्या पंच्याण्णव कलमांतलं पहिलंच कलम ह्यावर आहे आणि १५१८ मध्ये स्टाउपिट्झ ह्या आपल्या वरिष्ठाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द त्याला कसा गोड झाला ते त्याने स्वतः सांगितलंय. त्यानंतर "न्याय", हिब्रू "मिश्पात", आमोस ५:२४ पासून सुरुवात, सोबत मार्टिन लूथर किंग, जे १९५४ ते १९६० मॉंटगोमेरीच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते आणि ज्यांनी हेच वचन २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मैदानात म्हटलं. आमोसचं पुस्तक नऊच अध्यायांचं आहे, किंग यांचं भाषण ऐकायच्या आधी ते सगळं वाचून काढा आणि प्रत्येक मिश्पातखाली रेघ मारा.